राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातून आतड्याच्या कर्करोगाचं स्क्रीनिंग अभ्यासायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं स्क्रीनिंग (लक्षणं नसताना केलेली तपासणी) कोण करून घेतं आणि कोण मागे राहतं, म्हणजे त्याचा 'अपटेक' किती, हे राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणांच्या खुल्या डेटावरून पाहायचं आहे. कोणतं सर्वेक्षण घ्यावं, कोणते व्हेरिएबल घ्यावेत, आणि लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही अशा उत्तराचा कोणत्या घटकाशी किती संबंध, हे मोजणारं मॉडेल) पुरेल का?

रिग्रेशनचं शेवटी बघू. ते एका दुपारचं काम आहे. या विषयातले प्रबंध अडतात ते अंश आणि छेद ठरवताना. कोणाला 'स्क्रीनिंग झालं' म्हणायचं आणि कोणाला मुळात मोजायचं, हे ठरवण्याआधी मॉडेल चालवलं तर पुढचे तक्ते कितीही देखणे आले तरी त्यांतून काही हाती लागत नाही.

आधी तुमच्या प्रश्नातल्या 'अपटेक' या मोजमापाबद्दल. इंग्लंडच्या राष्ट्रीय कार्यक्रमात अपटेक म्हणजे ज्यांना बोलावणं आणि शौचाचा नमुना घ्यायचं किट पाठवलं, त्यांपैकी सहा महिन्यांच्या आत किती जणांची पुरेशी तपासणी झाली. कव्हरेज म्हणजे पात्र लोकांपैकी किती जणांची गेल्या 30 महिन्यांत पुरेशी तपासणी झाली. दोन्ही आकडे कार्यक्रमाच्या संगणकीय नोंदींतून निघतात. सर्वेक्षणातून यातला एकही निघत नाही, कारण समोरच्याला बोलावणं गेलं होतं का, हे सर्वेक्षणाला सहसा माहीत नसतं. त्यातून निघतं ते 'माझी तपासणी अमुक काळात झाली' असं सांगणाऱ्यांचं प्रमाण. हे तिसरंच मोजमाप आहे. प्रबंधाच्या पहिल्या पानावरच हे स्पष्ट लिहा आणि शीर्षकातही 'स्वतः सांगितलेलं, मुदतीतलं स्क्रीनिंग' अशा अर्थाचे शब्द ठेवा.

मग सर्वेक्षण घ्यायचंच कशाला? कारण कार्यक्रमाच्या नोंदींना माणूस फारसा माहीत नसतो. इंग्लंडमध्ये सुरुवातीच्या सुमारे 26 लाख बोलावण्यांचं विश्लेषण झालं. त्यात एकूण अपटेक 54 टक्के होता, पण सर्वांत वंचित भागांत 35 टक्के आणि सर्वांत सुस्थितीतल्या भागांत 61 टक्के. आकडे मोलाचे आहेत, पण ही वंचितता त्या माणसाच्या पत्त्याची आहे. त्याचं स्वतःचं शिक्षण किती, तो एकटा राहतो का, तंबाखू ओढतो का, गेल्या वर्षात डॉक्टरकडे गेला का, हे नोंदींत नसतं आणि सर्वेक्षणात असतं. शिवाय अमेरिकेसारख्या देशात बोलावणं पाठवणारा राष्ट्रीय कार्यक्रमच नाही. तिथे देशपातळीवरचं चित्र प्रामुख्याने सर्वेक्षणातूनच कळतं. 'हेल्दी पीपल 2030' या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य-उद्दिष्टांतलं या स्क्रीनिंगचं उद्दिष्टही सर्वेक्षणावरच मोजलं जातं.

आता निवड. खुला डेटा, चांगली कागदपत्रं आणि बरीच वर्षं हवी असतील तर अमेरिकेची दोन सर्वेक्षणं आहेत. एनएचआयएस म्हणजे नॅशनल हेल्थ इंटरव्ह्यू सर्व्हे 1957 पासून चालू आहे. त्यात हल्ली दर वर्षी सुमारे 30 हजार प्रौढांची मुलाखत होते. कर्करोग तपासणीचे प्रश्न मात्र दर वर्षी नसतात. 2000, 2005, 2010 आणि 2015 मध्ये कर्करोगावरची मोठी पुरवणी होती, मधल्या काही वर्षांत मोजके प्रश्न होते, आणि 2019च्या फेररचनेनंतर ते 2019, 2021, 2023 असे येतात. बीआरएफएसएस म्हणजे बिहेविअरल रिस्क फॅक्टर सर्व्हेलन्स सिस्टिम हे 1984 पासूनचं टेलिफोन सर्वेक्षण आहे. वर्षाला चार लाखांच्या आसपास मुलाखती होत असल्याने राज्यनिहाय आकडे काढता येतात. एनएचआयएसच्या खुल्या फाइलमध्ये राज्य मिळत नाही, फक्त चार मोठे विभाग मिळतात. पण एनएचआयएस कोलोनोस्कोपीचं (कॅमेऱ्याच्या नळीने केलेल्या मोठ्या आतड्याच्या तपासणीचं) मुख्य कारण विचारतं. बीआरएफएसएसच्या मूळ प्रश्नांत ते नसतं. प्रश्न राज्यांच्या धोरणाचा असेल तर दुसरं घ्या, व्यक्तीच्या वागणुकीचा असेल तर पहिलं.

युरोपसाठी ईएचआयएस म्हणजे युरोपियन हेल्थ इंटरव्ह्यू सर्व्हे आहे. त्याची दुसरी फेरी 2013 ते 2015 मध्ये आणि तिसरी 2019च्या आसपास झाली. शौचातल्या लपलेल्या रक्ताची शेवटची तपासणी कधी झाली आणि शेवटची कोलोनोस्कोपी कधी झाली, हे दोन्ही त्यात विचारतात. डेटा मिळायला अर्ज आणि संस्थेची मान्यता लागते, त्यामुळे सहा महिन्यांच्या प्रबंधासाठी तो गृहीत धरू नका. आणि देशांची तुलना करताना कार्यक्रम त्या वेळी कोणत्या टप्प्यावर होता ते पाहा. नेदरलँड्सचा कार्यक्रम 2014 मध्ये सुरू झाला आणि वयोगट एकेक करून आत घेत 2019 पर्यंत पूर्ण झाला. दुसऱ्या फेरीत 'नाही' म्हणणाऱ्या डच माणसाने तपासणी टाळलेली असेलच असं नाही, त्याला बहुधा तोवर बोलावणंच आलेलं नसतं. भारताच्या एनएफएचएस-5 (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी) मध्ये गर्भाशयमुख, स्तन आणि तोंडाच्या तपासणीचे प्रश्न आहेत, आतड्याचा नाही. तो डेटा या विषयाला उपयोगाचा नाही.

अंशाकडे येऊ. अमेरिकी शिफारशींनुसार एखादा माणूस अनेक मार्गांनी 'मुदतीत' असू शकतो: फिट किंवा अतिसंवेदनशील ग्वायॅक चाचणी (दोन्ही शौचातलं लपलेलं रक्त शोधतात) वर्षाला एकदा, शौचातल्या डीएनएची चाचणी एक ते तीन वर्षांत, सिग्मॉइडोस्कोपी (आतड्याच्या फक्त शेवटच्या भागाची नळीने तपासणी) किंवा सीटी कोलोनोग्राफी (आतड्याचं सीटी स्कॅन) पाच वर्षांत, कोलोनोस्कोपी दहा वर्षांत. यातलं काहीही एक चालतं. डेटासोबत 'शिफारस पाळली' असं तयार व्हेरिएबल बहुतेकदा मिळतं आणि तेच उचलण्याचा मोह होतो. त्याची व्याख्या उघडून वाचा, कारण ती बदलत गेली आहे. 2008च्या शिफारशींत सीटी कोलोनोग्राफी आणि डीएनए चाचणी धरल्या नव्हत्या, 2016 मध्ये त्या आल्या. वयाची खालची मर्यादा मे 2021 मध्ये 50 वरून 45 झाली. त्याआधी 2018 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने 45 म्हटलं होतंच. म्हणून 2010 आणि 2021चं तयार व्हेरिएबल शेजारी ठेवून 'प्रमाण इतकं बदललं' असं म्हणता येत नाही. काळानुसार बदल दाखवायचा असेल तर एक नियम आणि एक वयोगट ठरवा, तो सगळ्या वर्षांना स्वतः लावा, आणि त्या-त्या वेळच्या शिफारशींनुसार काढलेला आकडा वेगळ्या तक्त्यात द्या.

तपासणीचं कारण हा दुसरा सापळा. पोटदुखी किंवा रक्तस्रावामुळे झालेली कोलोनोस्कोपी ही स्क्रीनिंग नव्हे, निदान आहे. तरीही ती झाल्यावर माणूस पुढची दहा वर्षं 'मुदतीत'च धरला जातो. त्यामुळे दोन वेगळे प्रश्न तयार होतात. 'आतड्याची तपासणी न झालेले किती' हे हवं असेल तर कारण कोणतंही असो, सगळं धरा. 'आरोग्य चांगलं असताना स्वतःहून तपासायला कोण जातं' हे हवं असेल तर नेहमीची तपासणी म्हणून केलेल्याच धरा. दुसऱ्या व्याख्येतही गोंधळ उरतो: फिटमध्ये रक्त सापडलं म्हणून केलेली कोलोनोस्कोपी लोक 'काहीतरी निघालं म्हणून' अशी सांगतात, आणि खरं पाहता ती स्क्रीनिंगचाच दुसरा टप्पा असते. मी दोन्ही व्याख्यांनी निकाल काढून दाखवायला सांगतो. ज्यांना आजार जास्त, ते पहिल्या व्याख्येत पुढे दिसतात आणि दुसऱ्यात बऱ्याचदा मागे पडतात. तसं झालं तर प्रबंधातला तोच सर्वांत वाचनीय भाग ठरेल. ज्यांना हा कर्करोग आधीच झाला आहे त्यांना छेदातून वगळा; त्यांची तपासणी हा पाठपुरावा असतो.

छेदात वयाची एक बारीक गोष्ट आहे, ती अनेकांच्या नजरेतून सुटते. शिफारस 50 पासून असताना 51 वर्षांच्या माणसाला तपासणी करून घ्यायला जेमतेम एक वर्ष मिळालेलं असतं आणि 65 वर्षांच्या माणसाला पंधरा. दोघांना एकाच मापाने 'केली, नाही केली' म्हटलं की वय हा सगळ्यांत जोरदार घटक निघतो. त्याचं मोठं कारण वागणूक नसते, मिळालेली संधी असते. म्हणून वय एका सरळ रेषेने मॉडेलमध्ये टाकू नका. गट करा किंवा वक्र बसू द्या, आणि नव्याने पात्र झालेल्या 45 ते 49 वयोगटाचं विश्लेषण वेगळं ठेवा. हे प्रश्न सर्वेक्षणात कोणत्या वयापासून विचारले तेही पाहा. ज्यांना विचारलंच नाही त्यांचा रकाना रिकामा असतो, आणि रिकामा म्हणजे 'नाही' नव्हे.

आता उत्तरांच्या खरेपणाबद्दल. लोक स्क्रीनिंग जास्त सांगतात. काही जण चांगलं दिसावं म्हणून सांगतात. पण त्याहून जास्त चुका आठवणीच्या असतात: बारा वर्षांपूर्वीची तपासणी 'आठ-नऊ वर्षं झाली असतील' अशी पुढे सरकते. कोलोनोस्कोपी लक्षात राहते. आदल्या दिवशीचं पोट साफ करायचं ते औषध आणि रात्रभराच्या खेपा कोण विसरेल! घरी नमुना घेऊन पाठवलेली शौचाची चाचणी मात्र सहज विसरली जाते, किंवा दवाखान्यात गुदद्वाराच्या तपासणीबरोबर केलेल्या चाचणीशी मिसळली जाते.

याचा परिणाम किती होतो ते आकड्यांत बघा. समजा एका गटात खरं प्रमाण 40 टक्के आहे. ज्यांची तपासणी झाली त्यांतले 90 टक्के ते बरोबर सांगतात, ज्यांची झाली नाही त्यांतले 75 टक्के 'नाही' असं बरोबर सांगतात. मग सर्वेक्षणात 'हो' म्हणणारे किती? 40 चे 90 टक्के म्हणजे 36, आणि उरलेल्या 60 मधले चुकीने 'हो' म्हणणारे 15. एकूण 51 टक्के. प्रत्यक्षापेक्षा 11 अंक जास्त. आता दुसऱ्या गटातही खरं प्रमाण 40 च घ्या, पण तिथे न झालेल्यांपैकी 85 टक्के लोक बरोबर सांगतात. तिथे आकडा येतो 36 अधिक 9, म्हणजे 45. दोन गटांत मुळात काडीचाही फरक नसताना सर्वेक्षणात 6 अंकांची दरी दिसली. शिक्षण, भाषा, स्थलांतर किंवा वंश यांवरून तुलना करताना हे ध्यानात ठेवा, कारण आठवण आणि उत्तर द्यायची पद्धत या गटांत सारखी असेलच असं नाही. प्रमाणांची उलटी आकडेमोडही सोपी आहे: दिसलेल्या प्रमाणात 'नाही' असं बरोबर सांगणाऱ्यांचं प्रमाण मिळवून त्यातून एक वजा करायचा आणि 'हो' व 'नाही' बरोबर सांगणाऱ्यांच्या दोन्ही प्रमाणांच्या बेरजेतून एक वजा करून आलेल्या संख्येने भागायचं. वरच्या पहिल्या गटात 0.51 अधिक 0.75 वजा 1 म्हणजे 0.26; त्याला 0.65 ने भागलं की 0.40 परत मिळतं. प्रबंधात तीन-चार शक्य जोड्या घेऊन निष्कर्ष टिकतो का ते दाखवा. परीक्षक निम्मे आक्षेप तिथेच गिळतात.

दहा वर्षांच्या मुदतीचा आणखी एक परिणाम आहे, आणि माझ्या मते या विषयावरच्या अनेक निबंधांचा तोच कच्चा दुवा आहे. कोलोनोस्कोपी नऊ वर्षांपूर्वीची असू शकते, पण विमा, उत्पन्न, नोकरी, लग्न हे सगळं मुलाखतीच्या दिवशीचं असतं. आज विमा नसलेल्या माणसाने तपासणी केली तेव्हा त्याच्याकडे चांगला विमा असू शकतो. त्यामुळे विम्याचा परिणाम खऱ्याहून फिका दिसू शकतो. धोरणाचा परिणाम मोजताना हे आणखी महाग पडतं. अमेरिकेत मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने) सर्वसाधारण जोखमीच्या लोकांची कोलोनोस्कोपी जुलै 2001 पासून विम्यात घेतली, आणि 2010च्या आरोग्य कायद्याने खासगी विम्यात शिफारस केलेल्या तपासण्यांवर रुग्णाचा वाटा काढून टाकला. असा बदल 'गेल्या दहा वर्षांत' या व्हेरिएबलमध्ये हळूहळू झिरपतो, एकदम उसळी दिसत नाही. 65 व्या वर्षी मेडिकेअर मिळतं म्हणून त्या वयाच्या अलीकडचे आणि पलीकडचे लोक पडताळायचे असतील, तरी हीच अडचण. अशा अभ्यासांसाठी 'गेल्या एका वर्षात झाली का' हेच मोजमाप घ्या. आकडे लहान होतील, पण घटना आणि परिस्थिती एकाच काळातल्या राहतील.

कोणते व्हेरिएबल घ्यावेत, याचं उत्तर तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे. नेहमीचा डॉक्टर किंवा दवाखाना असणं, विमा, शिक्षण, उत्पन्न, वय, लिंग, वैवाहिक स्थिती, धूम्रपान आणि इतर आजार इतकं बहुतेकांत असतं. उत्पन्नाचं उत्तर बरेच लोक देत नाहीत. एनएचआयएस त्यासाठी रिकामी उत्तरं अंदाजाने अनेक वेळा भरून काढलेल्या (मल्टिपल इम्प्युटेशन) फाइली देतं, त्या वापरा, रिकाम्या ओळी वगळू नका. 'डॉक्टरांनी सुचवलं का' हा व्हेरिएबल मात्र जपून वापरा. तो टाकला की तो सगळ्यांवर मात करतो आणि शिक्षण-उत्पन्नाचे फरक विरघळतात. मग विद्यार्थी लिहितो की सामाजिक स्थितीचा परिणाम नाही. अहो, डॉक्टरांकडे जाणं आणि त्यांनी सुचवणं हाच तर त्या परिणामाचा रस्ता आहे. रस्ता बंद केल्यावर गाडी कशी पोचणार? शिवाय ज्याने तपासणी केली त्याला सल्ला आठवतो, ज्याने केली नाही तो विसरतो. हा व्हेरिएबल वेगळ्या मॉडेलमध्ये ठेवा आणि मध्यस्थ म्हणूनच त्याच्याबद्दल बोला.

वेट (एक उत्तरदाता किती लोकांचं प्रतिनिधित्व करतो तो आकडा), स्तर आणि नमुना-गट यांबद्दल फार लिहीत नाही, प्रत्येक सर्वेक्षणाच्या पुस्तिकेत ते असतं. एक गोष्ट तेवढी सांगतो. 45 ते 75 वयाचेच लोक हवेत म्हणून बाकीच्या ओळी आधीच पुसून टाकू नका. आधी पूर्ण फाइलवर नमुन्याची रचना सांगा, मग उपगट निवडा. स्टाटा या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी सबपॉप आहे, 'आर' या सॉफ्टवेअरच्या सर्वे पॅकेजमध्ये रचना तयार केल्यावर सबसेट. आधी पुसलं तर प्रमाण बदलत नाही, पण प्रमाण-त्रुटी (स्टँडर्ड एरर) चुकू शकते. वर्षं एकत्र केली तर वेटला वर्षांच्या संख्येने भागा. 2020चं एनएचआयएस जोडताना दोनदा विचार करा: मार्च 2020 मध्ये मुलाखती टेलिफोनवर गेल्या आणि त्या वर्षीच्या नमुन्यात 2019च्या काही लोकांना पुन्हा विचारलं गेलं. बीआरएफएसएसमध्ये 2011 ला मोबाइल फोन आले आणि वेटची पद्धत बदलली; त्या आधीचं आणि नंतरचं एका रेषेत जोडता येत नाही.

प्रतिसाद दरही घसरत चालला आहे. एनएचआयएसच्या प्रौढ नमुन्यात तो 2019 मध्ये सुमारे 59 टक्के होता, 2021 मध्ये सुमारे 51. जो माणूस अनोळखी मुलाखतकाराला पाऊण तास देतो, तो तपासणीलाही जाण्याची शक्यता जास्त. वेट लावल्याने वय, लिंग, वंश यांचा तोल सांभाळला जातो. हा स्वभावाचा फरक वेटमध्ये पुरता उतरत नाही.

आता लॉजिस्टिक रिग्रेशन. चालेल, पण ऑड्स रेशो (दोन गटांतल्या 'झाली : नाही झाली' या गुणोत्तरांचा भागाकार) छापू नका. स्क्रीनिंग ही दुर्मिळ घटना नाही. एका गटात 70 टक्के आणि दुसऱ्यात 60 टक्के असेल तर प्रमाणांचं गुणोत्तर 1.17 येतं आणि ऑड्स रेशो 1.56. वाचणारा दुसरा आकडा 'दीडपट' असा वाचतो आणि चर्चेच्या प्रकरणात तसंच लिहिलं जातं. त्याच लॉजिस्टिक मॉडेलमधून समायोजित प्रमाणं काढा, म्हणजे इतर गोष्टी सारख्या असता या गटात इतके टक्के आणि त्या गटात इतके, आणि फरक टक्क्यांच्या अंकांत सांगा.

एक मोह आधीच मोडून ठेवतो. सीडीसी या अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या 'प्लेसेस' प्रकल्पात जिल्हा आणि त्याहून लहान भागांसाठी या स्क्रीनिंगचे आकडे नकाशावर तयार मिळतात. ते उतरवून भागातल्या गरिबीशी त्यांचा संबंध जोडावा असं वाटतं. ते आकडे प्रत्यक्ष मोजलेले नाहीत. बीआरएफएसएसवर मॉडेल बसवून अंदाजलेले आहेत, आणि गरिबी त्या मॉडेलमध्ये आधीच घातलेली आहे. तुम्हाला संबंध सापडेलच, कारण तो त्यांनीच आत ठेवला आहे.

सुरुवात कुठून करायची, तर छापलेला एक आकडा जुळवण्यापासून. 2021च्या एनएचआयएसवरून 45 वर्षं आणि त्यापुढच्या लोकांत सुमारे 59 टक्के, आणि 45 ते 49 वयोगटात सुमारे 20 टक्के लोक मुदतीत होते, असं अमेरिकन कॅन्सर सोसायटीने प्रसिद्ध केलं आहे. तुमच्या कोडमधून यांच्या जवळपास येता का ते बघा. पाच-सहा अंकांनी चुकत असाल तर क्रमाने तपासा: 'माहीत नाही' म्हणणाऱ्यांना कुठे टाकलं, डीएनए चाचणी आणि सीटी धरल्या का, मुदतीची सीमा 'दहा वर्षांच्या आत' आहे की 'दहा वर्षांपर्यंत', वेटचा रकाना बरोबर आहे का, आणि छापलेला आकडा वयाने प्रमाणित केलेला आहे का. हे जुळलं की स्वतःच्या प्रश्नाचा कोड लिहायला घ्या, आणि कोडची पहिली जुळवणी प्रबंधाच्या परिशिष्टात ठेवा. मार्गदर्शक बदलले तरी ती कामाला येते.